कोविडात सगळ्यांचीच मनं खचली होती का?

कोविडमध्ये जगभर सरसकट सगळ्यांचं मानसिक आरोग्य ढासळलं, असं आजही ठामपणे सांगितलं जातं. ते खरं नाही. सुरुवातीच्या अनेक पाहण्यांमध्ये लोकांना साथीतच एकदा प्रश्न विचारले गेले. ते आधी कसे होते, याची नोंदच नव्हती. मार्च २०२३मध्ये ‘बीएमजे’ या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या आढाव्याने लोकांच्या १३४ गटांची साथीआधीची आणि साथीतली उत्तरं ताडून पाहिली. एकूण मानसिक आरोग्य सरासरीने जवळपास तसंच होतं, नैराश्य किंचित वाढलेलं. बायकांचा त्रास मात्र एकूण मानसिक आरोग्य, चिंता आणि नैराश्य या तिन्ही मोजमापांत वाढला, आणि हे दुर्लक्षून चालणारच नाही. शिवाय यातले बहुतेक गट सुस्थितीतल्या देशांचे होते. मुंबईहून पायी गावी निघालेल्या मजुरांच्या मनाचं माप त्यात नाही.