आधी वाळते की आधी लंगडते?

ठाण्यातल्या कासारवडवलीच्या आत, टॉवरांच्या बेचक्यात उरलेल्या एका गोठ्यात परवा एक संकरित होल्स्टिन गाय पाहिली. व्यायला तीनेक महिने झालेले, माकडहाडं वर आलेली, मागचा डावा पाय नुसता टेकवलेला. मालक म्हणाले, "कालपासून लंगडतेय." काल दिसलं, एवढंच खरं. दुखणं दोनेक महिन्यांचं असणार.

खुराचं कठीण कवच आपल्या नखासारखंच वाढतं, महिन्याला साधारण ५ मिलिमीटर. तळव्याला त्याची जाडी सेंटिमीटरच्या आसपास. आतल्या जिवंत थराला इजा झाली, तर ती कवचाबरोबर सरकत खाली यायला तेवढा काळ जातोच.

इजा होते कशी? खुरात एक हाड असतं आणि त्याखाली चरबीची गादी. पाचशे किलोंची गाय कोब्यावर उभी राहते, तेव्हा झटका सोसते ती ही गादी. ती पातळ झाली की हाड आतून तळव्याला रुततं, रक्त साकळतं, पुढे व्रण होतो. त्यातच व्यायच्या सुमारास हाडाला धरून ठेवणारे तंतूही सैल पडतात.

ही गादी खूर न फाडता मोजता येते. सोनोग्राफी म्हटलं की आपल्याला 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही पाटी आठवते, पण तत्त्व साधं आहे: आवाज पाठवायचा, प्रतिध्वनी ऐकायचा. मऊ ऊतींत तो सेकंदाला सुमारे १५४० मीटर धावतो, म्हणजे सेंटिमीटरभर जाऊन परत यायला जेमतेम १३ मायक्रोसेकंद. पडद्यावर कवचाची आतली कड आणि हाड अशा दोन पांढऱ्या रेघा उमटतात. मधलं अंतर मोजायचं.

अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातल्या संशोधकांनी ५०१ दुभत्या गायींची गादी अशी मोजली, निष्कर्ष २००९ साली आले. गाय जितकी हडकुळी तितकी गादी पातळ, आणि पातळ गादीवाल्यांत व्रण जास्त. व्याल्यावर साधारण १२० दिवसांनी गादी सर्वांत पातळ होती. पायाने अधू गाय चरत नाही म्हणून वाळते, हा आपला जुना समज. इथे तो उलटा होऊ लागला. अर्थात एकदाच मोजून आधी काय झालं ते कळत नाही. म्हणून पुढे ब्रिटनमध्ये त्याच त्या गायी पुन्हापुन्हा मोजल्या. ज्यांचा मऊ थर आधीपासून पातळ, त्यांना नंतर लंगडण्याचा धोका जास्त निघाला. धोका जास्त, खात्री नव्हे. आवाज पाठवणारा-ऐकणारा प्रोब थोडा तिरका धरला तरी आकडा हलतो.

मालकांना हे सांगितलं. त्यांच्याकडे गाभण तपासायला डॉक्टर मशीन घेऊन येतातच. "मग पायही बघतील की!" डॉक्टर हसले. आधी खोडा हवा, पाय उचलून बांधायला हवा, शेण धुऊन तळवा तासायला हवा, मग जेल. "आणि हिने लाथ घातली तर मशीन कोण धरणार?"

मालकांनी गायीच्या माकडहाडावरून हात फिरवला. "तोवर हेच बघतो," म्हणाले, आणि तिच्या गव्हाणीत आणखी एक घमेलं पेंड ओतायला निघाले. डॉक्टरांनी हात धरला. एकदम पेंड वाढवली तर पोटाचं नवीनच काही उभं राहील.