मुदत संपून येणे आणि विनंतीने येणे

अलिबागपासून वेंगुर्ल्यापर्यंत किनाऱ्यावरच्या कुठल्याही गावात फौजेतून किंवा नौदलातून कायमचा घरी परतलेल्या माणसाविषयी एकच वाक्य बोलले जाते: "तो पेन्शन आला." पंधरा वर्षे पूर्ण करून ठरल्या दिवशी उतरलेला नौसैनिकही पेन्शन आलेला असतो, वाढीव नोकरी अर्ध्यावर सोडून आलेला हवालदारही पेन्शन आलेला असतो, आणि कधी कधी ज्याला प्रत्यक्षात निवृत्तिवेतन मिळतच नाही तोही याच शब्दाने ओळखला जातो. गावाला एवढे पुरते. ज्याला नोकरी सोडायची की नाही हे ठरवायचे आहे त्याला मात्र हे पुरत नाही, कारण सेवामुक्तीच्या कागदावर मुक्तीचे कारण नोंदवण्याची एक ओळ असते आणि पुढची चाळीस वर्षे त्या ओळीवर चालतात. मी स्वतः नौदलात पंधरा वर्षे काढून मुदत संपल्यावर आलो. त्यानंतर आमच्या वाडीतल्या आणि शेजारच्या गावांतल्या मुलांचे कागद पाहताना दोन वेगळ्या गोष्टींची ही गल्लत इतक्या वेळा दिसली की ती सविस्तर मांडणे मला आवश्यक वाटते.

भरती होताना जवान ठरावीक मुदतीसाठी बांधला जातो. अग्निपथ योजना येण्यापूर्वी भरती झालेल्या नौसैनिकाची पहिली मुदत सर्वसाधारण शाखांमध्ये 15 वर्षांची आणि आर्टिफिसर, म्हणजे तांत्रिक कारागिरांच्या, शाखेत 20 वर्षांची होती. वायुदलातल्या वायुसैनिकाचीही ती 20 वर्षांची होती. ही मुदत पूर्ण झाली आणि पुढे वाढवून घेण्याची इच्छा नसली, तर नौसैनिक मुदत संपल्यामुळे मुक्त होतो. त्याने पुढे राहण्यास नकार दिलेला असतो, तरीही त्याची मुक्ती "स्वतःच्या विनंतीवरून" झालेली नसते, कारण त्याने कबूल केलेले सर्व काही पूर्ण केलेले असते.

विनंतीने येणे म्हणजे मुदत संपण्याआधी अर्ज करून सुटका मागणे. पलटणीत आणि जहाजावर याला सरळ "प्रीमॅच्युअर घेणे" म्हणतात. येथे पहिली समजून घेण्याची बाब अशी की हा अर्ज म्हणजे खरोखरच विनंती आहे, हक्क नव्हे. लष्कराच्या 1954 च्या नियमांतील नियम 13 प्रमाणे जवानाचा असा अर्ज मान्य करणे योग्य आहे आणि त्यामुळे पलटणीचे संख्याबळ वाजवीपेक्षा कमी होणार नाही, याची खात्री मंजुरी देणाऱ्या अधिकाऱ्याला व्हावी लागते. खाजगी कंपनीत महिन्याची नोटीस देऊन बाहेर पडता येते तसे येथे नाही. घरी बांधकाम सुरू करून, ठेकेदाराला आगाऊ रक्कम देऊन मग अर्ज देणारे तरुण मी पाहिले आहेत. मंजुरी सहा-आठ महिने लांबली की त्यांची जी ओढाताण होते ती टाळण्यासारखी असते.

या दोहोंमधली सीमारेषा सर्वांत जास्त पुसट होते ती वाढीव मुदतीच्या वेळी. पंधरा वर्षे भरत आली की पुढील काही वर्षांसाठी राहण्याची तयारी विचारली जाते, आणि बढतीची आशा, मुलांच्या शाळा किंवा नुसती सवय म्हणून माणूस सही करतो. त्या सहीने नवी मुदत सुरू होते. दोन वर्षांनी वडील आजारी पडतात, बागेकडे पाहायला कोणी उरत नाही आणि तो म्हणतो, "माझी पंधरा तर झालीच आहेत, आता कधीही येऊ शकतो." पेन्शन मिळण्याच्या दृष्टीने त्याचे म्हणणे खरे आहे. मुक्तीच्या कारणाच्या दृष्टीने ते चुकीचे आहे, कारण वाढीव मुदतीच्या मध्येच तो बाहेर पडला तर कागदावर "स्वतःच्या विनंतीवरून" हेच येणार. सतरा वर्षे सेवा केलेला हा माणूस पंधरा वर्षांनी आलेल्या आपल्या सोबत्यापेक्षा एका बाबतीत मागे पडू शकतो, आणि ती बाब पुढे सांगतो.

आधी पैशाचा साधा हिशेब पाहू. अधिकारी नसलेल्या लढाऊ सैनिकाला निवृत्तिवेतनासाठी किमान 15 वर्षांची पात्र सेवा लागते, अधिकाऱ्याला 20 वर्षांची. निवृत्तिवेतन शेवटच्या गणनीय वेतनाच्या निम्मे असते आणि त्या वेतनात जवानांचे 5,200 रुपये सैनिकी सेवा वेतनही धरले जाते. समजा एखाद्याचे मूळ वेतन 34,300 रुपये आहे; सैनिकी सेवा वेतन धरून 39,500 झाले, तर निवृत्तिवेतन 19,750 रुपये बसते. त्यातला निम्म्यापर्यंतचा भाग विकून एकरकमी पैसे घेता येतात, मग हातात महिन्याला 9,875 रुपये राहतात; मात्र महागाई सवलत संपूर्ण 19,750 वर मोजली जाते आणि विकलेला भाग 15 वर्षांनी पूर्ववत होतो. आता हाच माणूस साडेचौदा वर्षांवर विनंतीने आला असे धरा. त्याला निवृत्तिवेतन नाही. सेवा ग्रॅच्युइटीचा दर प्रत्येक पूर्ण सहामाहीला अर्ध्या महिन्याचे वेतन असा आहे, म्हणजे 29 सहामाह्यांचे साडेचौदा महिन्यांचे वेतन, तेही एकदाच. भविष्य निर्वाह निधी, शिल्लक रजेचे पैसे आणि गटविम्याची रक्कम दोघांनाही आपापल्या हिशेबाने मिळते, त्यामुळे घरी येतानाच्या बँक खात्यात दोघांमधला फरक पहिल्या वर्षी फारसा दिसत नाही. तो पाचव्या-सहाव्या वर्षी दिसतो. कमी पडलेली थोडी सेवा माफ करून घेण्याची एक तरतूद आहे हे ऐकून काहीजण धीर करतात, पण स्वतःच्या विनंतीने येणाऱ्याने त्या तरतुदीच्या भरवशावर अर्ज देऊ नये, असे मी ठामपणे सांगतो.

पंधरा वर्षे ओलांडल्यानंतर विनंतीने येणाऱ्याचे निवृत्तिवेतन शाबूत राहते आणि माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेचे, म्हणजे 2003 साली सुरू झालेल्या ईसीएचएसचे, सभासदत्वही त्याला मिळते. त्याचे नुकसान समान पद, समान निवृत्तिवेतन (वन रँक वन पेन्शन) या योजनेच्या बाबतीत होते. ही योजना 1 जुलै 2014 पासून लागू आहे आणि दर पाच वर्षांनी जुन्या निवृत्तांचे निवृत्तिवेतन नव्या निवृत्तांच्या पातळीवर आणते. त्यानुसार 2019 आणि 2024 च्या जुलैपासून फेरआखणी झाली. परंतु 7 नोव्हेंबर 2015 च्या सरकारी पत्रात, यापुढे स्वतःच्या विनंतीवरून मुक्त होणाऱ्यांना हा लाभ मिळणार नाही, अशी अट घातली गेली. या अटीविरुद्ध सशस्त्र दल न्यायाधिकरणापुढे दाद मागितली गेली आहे, म्हणून अर्ज देणाऱ्याने त्या दिवशीची स्थिती तपासलीच पाहिजे. पस्तीस वर्षांचा माणूस घरी येतो तेव्हा त्याच्यापुढे दर पाच वर्षांच्या अशा सात-आठ फेरआखण्या असतात. पहिल्या फेरआखणीचा फरक किरकोळ वाटू शकेल, आठव्यापर्यंत साचलेला फरक तसा वाटणार नाही.

तिसरी बाब "माजी सैनिक" या ओळखीची आहे, आणि कोकणातल्या तरुणांसाठी तीच मला सर्वांत महत्त्वाची वाटते, कारण येथे उद्योग थोडे असल्याने दुसरी नोकरी बहुधा बँकेत, रेल्वेत किंवा सरकारी कार्यालयातच शोधावी लागते. केंद्र सरकारच्या गट क मधील पदांत माजी सैनिकांना 10 टक्के आणि सरकारी बँकांच्या त्याच गटात 14.5 टक्के जागा राखीव असतात. या आरक्षणाच्या व्याख्येप्रमाणे निवृत्तिवेतन मिळवून आलेला माणूस, मग तो विनंतीने आलेला असला तरी, माजी सैनिक ठरतो. निवृत्तिवेतनाशिवाय, पण ठरलेली मुदत पूर्ण करून ग्रॅच्युइटी घेऊन आलेलाही ठरतो. निवृत्तिवेतनापूर्वी स्वतःच्या विनंतीने आलेला मात्र ठरत नाही. बारा-तेरा वर्षे गणवेशात काढलेला माणूस सिंधुदुर्ग किंवा रत्नागिरीच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात ओळखपत्रासाठी जातो आणि तेथे त्याला पहिल्यांदा हे कळते, यासारखे दुःखद दृश्य दुसरे नाही.

अग्निवीरांची गोष्ट निराळी आहे, म्हणून थोडक्यात. 2022 च्या योजनेनुसार त्यांची मुदतच चार वर्षांची आहे. शेवटी सुमारे 11.71 लाख रुपयांचा सेवा निधी मिळतो, निवृत्तिवेतन व ग्रॅच्युइटी नाही, आणि 25 टक्क्यांपर्यंत मुलांना कायम केले जाते. मधेच विनंतीने बाहेर पडणे केवळ अपवादात्मक परिस्थितीत शक्य असते आणि तेव्हा सरकारचा वाटा मिळत नाही, फक्त स्वतःची कापली गेलेली रक्कम व्याजासह हाती येते.

हे सारे सांगताना विनंतीने येणे चूकच आहे असे मला म्हणायचे नाही. घरातल्या एकट्या आईला अर्धांगवायू झाला असेल तर फेरआखणीचा हिशेब करत बसणे माणुसकीला धरून नाही, आणि ज्याचे मन नोकरीतून पूर्ण उठले आहे त्याने जहाजावर राहणे त्याच्या सोबत्यांसाठीही बरे नसते. पण आपल्याकडे हा निर्णय बहुतेक वेळा गणपतीच्या रजेत होतो. घर भरलेले असते, आरत्या चालू असतात, धाकटा भाऊ होमस्टेची योजना मांडतो, चुलते बागेकडे लक्ष देणारा कोणी नाही म्हणून हळहळतात, आणि परतीच्या गाडीत बसतानाच माणसाने मनात अर्ज लिहिलेला असतो. त्या आनंदात कोणी सांगत नाही की हापूसची नवी कलमे भरवशाचे उत्पन्न द्यायला सात-आठ वर्षे घेतात, जुनी झाडेही वर्षाआड धरतात, 1 जून ते 31 जुलै यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, पावसाळ्यात पर्यटक विरळ होतात आणि ज्या जागेवर होमस्टे बांधायचा तिच्या सातबाऱ्यावर सोळा नावे आहेत. किनाऱ्यावरचे प्रत्येक उत्पन्न हंगामी आहे. दरमहा ठरल्या तारखेला येणारी रक्कम येथे जितकी मोलाची आहे तितकी शहरातही नसेल, आणि म्हणूनच ती रक्कम कोणत्या दिवशी कायमची पक्की होते हे येथल्या माणसाला नेमके माहीत असले पाहिजे.

आमच्या शेजारच्या वाडीतला एक नौसैनिक गेल्या वर्षी याच तयारीने माझ्याकडे आला होता. त्याचा अर्ज लिहून तयार होता. आम्ही त्याचे सेवापत्रक उघडले तेव्हा त्याची पहिली मुदत संपायला सात महिने उरले आहेत, असे दिसले. त्याला ते वर्ष-दीड वर्ष वाटत होते, कारण वाढीव मुदतीच्या इच्छेचा कोरा नमुना आणि पहिल्या मुदतीची तारीख यांची त्याच्या मनात सरमिसळ झाली होती. त्याने अर्ज फाडला नाही, खणात ठेवला. वाढीव मुदतीच्या नमुन्यावर "इच्छा नाही" असे लिहून दिले, आपल्या मुक्तीचे कारण काय नोंदवले जाईल हे जहाजाच्या कार्यालयामार्फत नौसैनिकांच्या सेवेच्या नोंदी ठेवणाऱ्या मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे लेखी विचारले, आणि उत्तर हाती आल्यावरच घरच्यांना तारीख कळवली. वडिलांच्या औषधपाण्यासाठी ते सात महिने त्याच्या बहिणीने चिपळूणहून दर आठवड्याला फेऱ्या घातल्या.