लेखन यंत्राचे की माणसाचे: डिटेक्टर नेमके काय मोजतो?

चर्चगेटहून सुटलेल्या धीम्या लोकलने महालक्ष्मी सोडले आणि ‘पुढील स्थानक’ एवढे शब्द ऐकू आले, की रोजच्या प्रवाशाला ‘लोअर परळ’ ऐकायची गरज उरत नाही. ‘जुलैत मुंबईत धो धो’ असे कोणी म्हटले, तर ‘पाऊस’ हा शब्द मनात आधीच उमटतो. क्लॉड शॅनन या गणितज्ञाने १९५१ साली हीच गोष्ट मोजली. इंग्रजी मजकुरातील पुढचे अक्षर त्याने माणसांना ओळखायला लावले आणि ते कितव्या प्रयत्नात ओळखता येते, यावरून भाषेतील अनपेक्षिततेचा हिशेब मांडला. चॅटजीपीटीसारखी साधने अशाच अंदाजावर चालतात: आधीचा मजकूर पाहून पुढे येऊ शकणाऱ्या प्रत्येक शब्दखंडाची संभाव्यता ठरवायची आणि त्यांतला एक निवडायचा. हे लेखन माणसाचे की यंत्राचे, हे सांगू पाहणारे डिटेक्टरही बहुधा हाच अंदाज उलट बाजूने वापरतात.

डिटेक्टरमधील भाषा-प्रारूप, म्हणजे पुढच्या शब्दाचा असा अंदाज बांधणारी संगणक प्रणाली, प्रत्येक शब्दापाशी थांबून तो तिथे कितपत अपेक्षित होता, हे तपासते. त्यातून निघणाऱ्या मापाला ‘परप्लेक्सिटी’ म्हणतात. ते कमी भरले आणि वाक्येही एकाच चालीची निघाली, तर लेखन यंत्राचे असावे, असा कौल मिळतो. प्रिन्स्टन विद्यापीठातील एडवर्ड टियान या विद्यार्थ्याने जानेवारी २०२३ मध्ये आणलेला जीपीटीझीरो या दोन मापांवरच उभा होता. साहित्यचौर्य शोधताना उचललेला परिच्छेद आणि त्याचा मूळ स्रोत शेजारी शेजारी ठेवता येतात. येथे मूळ प्रतच नसते. हाती फक्त एक आकडा येतो आणि तो लेखकाविषयी नव्हे, तर मजकुराच्या अपेक्षितपणाविषयी असतो. म्हणूनच १७८७ साली लिहिलेली अमेरिकेची राज्यघटना यंत्राने लिहिल्याचा कौलही डिटेक्टरकडून मिळालेला आहे. हा मजकूर प्रारूपांनी इतक्या वेळा वाचलेला असतो, की त्यातला कोणताच शब्द त्यांना अनपेक्षित वाटत नाही.

यंत्राचे लेखन या चाळणीतून निसटू शकते का? निसटते, आणि फारसे कष्ट न पडता निसटते. चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयने जानेवारी २०२३ मध्ये स्वतःचा डिटेक्टर आणला, तेव्हा त्यांच्याच चाचणीत यंत्रलिखित उताऱ्यांपैकी केवळ २६ टक्के ओळखले गेले होते आणि माणसांच्या ९ टक्के उताऱ्यांवर यंत्राचा शिक्का बसला होता. अचूकता कमी असल्याचे सांगून जुलैमध्ये तो मागे घेण्यात आला. त्याच वर्षीच्या दुसऱ्या एका संशोधनात यंत्राचा मजकूर दुसऱ्या यंत्राकडून फक्त शब्द फिरवून घेण्यात आला. तेवढ्याने डिटेक्टजीपीटी या पद्धतीचे यश ७०.३ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर घसरले.

परंतु मला अधिक अस्वस्थ करते ती या नाण्याची दुसरी बाजू. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०२३ मध्ये सात डिटेक्टरांना ‘टोफेल’ या इंग्रजी परीक्षेतील ९१ निबंध दिले. हे सगळे निबंध इंग्रजी मातृभाषा नसलेल्या माणसांनी लिहिलेले होते, तरीही सरासरी ६१.३ टक्के निबंध यंत्राचे ठरले. अमेरिकी शाळकरी मुलांचे निबंध मात्र जवळपास बिनचूक ओळखले गेले. शिकून मिळवलेल्या भाषेत माणूस ओळखीचे, खात्रीचे शब्द वापरतो, चूक होऊ नये म्हणून वाक्य साधे ठेवतो, आणि डिटेक्टर नेमके हेच यंत्राचे लक्षण मानतो. पुढे संशोधकांनी त्याच निबंधांतील शब्दयोजना चॅटजीपीटीकडून समृद्ध करून घेतली, तेव्हा चुकीच्या शिक्क्यांचे प्रमाण ११.६ टक्क्यांवर आले. म्हणजे स्वतः लिहिले तर यंत्र, आणि यंत्राचा हात फिरवून घेतला तर माणूस! प्रामाणिकपणा तपासण्यासाठी आणलेल्या साधनाने असा निकाल द्यावा, हे मला मुळीच मान्य होत नाही.

लालबागच्या मराठी शाळेतून महाविद्यालयात गेलेल्या, माझ्या ओळखीच्या एका विद्यार्थिनीवर हीच वेळ आली. तिने लालबागच्या मसाला बाजारावर इंग्रजीत प्रकल्प लिहिला होता. शाळेत पाठ केलेल्या पत्रांच्या आणि निबंधांच्या साच्यातले तिचे इंग्रजी नीटनेटके, आखीव होते. डिटेक्टरने बहुतेक भाग यंत्राचा ठरवला आणि तिला खुलासा द्यावा लागला.

चुकीचे प्रमाण अल्प आहे, हा बचावही पुरेसा नाही. अमेरिकेतील व्हँडरबिल्ट विद्यापीठाने साधा हिशेब केला: वर्षाला ७५,००० लेखी कामे तपासली जात असतील आणि चूक फक्त १ टक्का धरली, तरी ७५० कामांवर खोटा ठपका येईल. ऑगस्ट २०२३ मध्ये त्यांनी डिटेक्टरची सोय बंद केली.

मराठी मजकुराबाबत अडचण आणखी खोल जाते. संगणकात देवनागरीचे प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ पद्धतीने तीन बाइटांत साठवले जाते. ‘मुंबई’ या शब्दात अशी पाच चिन्हे, म्हणजे पंधरा बाइट आहेत. पहिला बाइट सर्व चिन्हांना समान असतो आणि दुसरा दोनांपैकी एक असतो. ज्या प्रारूपाच्या शब्दसंग्रहात मराठी कमी आहे, ते शब्दाचे असे तुकडे पाडते. त्यांतले बरेच तुकडे जवळपास ठरलेलेच असल्याने सरासरी अनपेक्षितता उगाच घटते. उलट, मराठी फारशी न वाचलेल्या प्रारूपाला साधा शब्दही अनपेक्षित वाटू शकतो. म्हणून इंग्रजीसाठी आखलेली सीमारेषा मराठीला लावण्यात अर्थ नाही.

मजकुरात लिहितानाच अदृश्य खूण पेरण्याचा मार्ग यापेक्षा भक्कम आहे. गूगल डीपमाइंडने अशी सिंथआयडी ही पद्धत ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘नेचर’मध्ये मांडली. शब्द निवडताना संभाव्यता एका गुप्त किल्लीनुसार किंचित झुकवल्या जातात आणि किल्ली असणाऱ्याला तो कल नंतर मोजता येतो. मात्र साधन बनवणाऱ्याने खूण पेरली असेल तरच ती सापडते, आणि मजकूर पुन्हा लिहून काढला किंवा भाषांतरित केला, की ती पुसट होते.

त्या विद्यार्थिनीने खुलाशासोबत आपली कच्ची वही नेली होती. तीत बेडगी आणि संकेश्वरी मिरचीचे भाव, दुकानदारांची मराठीत उतरवलेली उत्तरे, खोडलेली इंग्रजी वाक्ये आणि त्यांच्यावर लिहिलेली नवी वाक्ये होती. प्राध्यापकांनी वही चाळली, तिला मिरचीच्या भावांवर तीन-चार प्रश्न विचारले आणि प्रकल्प स्वीकारला.