डाय, किडनी आणि गॅडोलिनियमचा पिंजरा

‘एमआरआय करा, पण डाय नको, किडनी जाते म्हणे.’ हे वाक्य इतक्यांदा कानावर आलंय की शेवटी लिहायलाच बसलो. भीती अगदी निराधार नाही, पण ती भलत्याच जागी जाऊन बसली आहे. किडनीवर ताण येण्याची चर्चा असते ती मुख्यतः सीटी स्कॅनच्या आयोडीनयुक्त औषधाबद्दल. एमआरआयच्या इंजेक्शनात आयोडीन नसतंच, गॅडोलिनियम नावाच्या धातूचं औषध असतं, आणि नेहमीच्या मात्रेत ते किडनीला क्वचितच इजा करतं. खरा प्रश्न उलटा आहे. किडनी आधीच थकलेली असेल, तर हे गॅडोलिनियम शरीराबाहेर काढणार कोण?

म्हणायला ‘डाय’, पण कुपीतला द्रव पाण्यासारखा नितळ असतो. गॅडोलिनियमच्या आयनात सात इलेक्ट्रॉन जोडीदाराविना असतात, त्यामुळे तो आयन जबरदस्त चुंबकीय असतो. एमआरआयच्या रेडिओ लहरींनी पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं कलतात आणि मग सावकाश मूळ स्थितीत येतात. शेजारी गॅडोलिनियम असलं की ती झटकन परततात आणि तेवढा भाग चित्रात उजळतो.

पण सुटं गॅडोलिनियम विषारी. त्याचा आयन आकाराने जवळजवळ कॅल्शियमएवढा, म्हणून कॅल्शियमच्या वाटा तो अडवून धरतो. यावर रसायनशास्त्रज्ञांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो: त्याला पिंजऱ्यात कोंडायचं. गॅडोलिनियमला नऊ बंधांची जागा असते. त्यातल्या आठ जागा पिंजऱ्याचा रेणू पकडतो आणि नववी पाण्यासाठी मोकळी ठेवतो. तिथे पाण्याचा एक रेणू बसतो, प्रभाव घेतो, उठतो, की लगेच दुसरा. सेकंदाला लाखो वेळा!

पिंजरे दोन तऱ्हेचे. रेषीय पिंजरा दोरीसारखा गुंडाळलेला असतो, एक टोक सुटलं की पुढचे वेढे एकेक करून सुटत जातात. वलयाकृती पिंजरा आधीच घडवलेल्या कड्यासारखा, त्यातून निसटायचं तर बरेच बंध जवळजवळ एकदम तुटावे लागतात. पीएच १ एवढ्या तीव्र आम्लात रेषीय पिंजऱ्यातलं निम्मं गॅडोलिनियम पाच सेकंदांच्या आत सुटतं. ‘डोटा’ नावाच्या वलयाला तेवढ्यासाठी सुमारे ३३८ तास लागतात. रक्त काही इतकं आम्लधर्मी नसतं, पण पकडीतला फरक यावरून कळतो.

आता किडनीकडे येऊ. ती धडधाकट असेल तर निम्मं औषध दीडदोन तासांत रक्तातून जातं. ती अगदी निकामी झालेली असेल तर ३० तास किंवा त्याहूनही जास्त लागतात. तेवढ्या वेळात रक्तातलं जस्त पिंजऱ्यातली जागा बळकावतं आणि फॉस्फेट गॅडोलिनियमला ओढून घेतं. किडनीच्या रुग्णांत फॉस्फेट आधीच वाढलेलं असतं. यातूनच ‘नेफ्रोजेनिक सिस्टेमिक फायब्रोसिस’ होतो: कातडी लाकडासारखी टणक होते, सांधे आखडतात, आणि खात्रीचा उपाय नाही. या आजाराचे पहिले रुग्ण १९९७ मध्ये दिसले. गॅडोलिनियमशी त्याचा संबंध ध्यानात यायला २००६ उजाडलं. २००७ मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने ठळक इशारा छापायला लावला, आणि २०१७ मध्ये युरोपात शिरेतून द्यायच्या अनेक रेषीय औषधांची परवानगी स्थगित झाली. वलयाकृती औषधांमुळे हा आजार होणं अत्यंत दुर्मीळ आहे, अगदी ईजीएफआर (किडनी रक्त किती गाळते याचा अंदाजी आकडा) ३० च्या खाली असलेल्यांमध्येसुद्धा. डायलिसिस चालू असेल तर एमआरआयनंतर ठरलेली पाळी शक्य तितक्या लवकर घेतात.

निरोगी शरीरातही गॅडोलिनियमचा अंश मागे राहतो, हे खरं आहे. त्याचाच धाक दाखवून ‘डिटॉक्स’चे काढे आणि पुड्या विकणारे बरेच आहेत. तो अंश त्या पुड्यांनी निघतो याला काडीचाही पुरावा नाही. पैसे जातात, आणि काही काढे तर किडनीलाच बाधतात.

संमतीपत्रावर ‘किडनीचा आजार आहे का?’ असा रकाना असतो. क्रिएटिनिन (किडनी रक्तातून गाळून टाकते तो टाकाऊ पदार्थ) ‘नॉर्मल’ आलंय म्हणून तिथे बिनधास्त ‘नाही’ लिहू नका. क्रिएटिनिन स्नायूंतून येतं. त्यामुळे ऐंशीच्या घरातल्या बारकुड्या आजींचा आकडा साधारण दिसतो आणि तरी किडनीचं काम निम्म्यावर आलेलं असू शकतं. अशा वेळी ईजीएफआर विचारायचा, आणि औषध कोणत्या पिंजऱ्यातलं आहे तेही.