वजन सारखंच वाढलं, चरबी मात्र वेगळ्या ठिकाणी साठली

वजनकाटा सगळं सांगत नाही, हे स्वीडनमधल्या उप्साला विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१४ साली फार नेमकेपणाने दाखवून दिलं. त्यांनी सडपातळ, निरोगी अशा ३९ जणांना सात आठवडे नेहमीच्या जेवणाखेरीज रोज मफिन खायला दिले. एका गटाच्या मफिनमध्ये पामतेल होतं, दुसऱ्याच्या मफिनमध्ये सूर्यफुलाचं तेल. बाकी सगळं एकसारखं. दोन्ही गटांचं वजन सरासरी १.६ किलोनेच वाढलं. पण एमआरआय काढल्यावर दिसलं, की पामतेलवाल्यांच्या यकृतात आणि पोटाच्या आतल्या भागात कितीतरी जास्त चरबी साठली होती. मधुमेह आणि हृदयविकाराची वाट सुरू होते ती नेमकी याच चरबीपासून.

असं का व्हावं? तेल आणि चरबी ज्या घटकांची बनते त्यांना मेदाम्लं म्हणतात. पामतेलात पाल्मिटिक आम्ल हे संपृक्त (सॅच्युरेटेड) मेदाम्ल भरपूर असतं. पेशीत ते गरजेपेक्षा जास्त झालं, की त्यापासून सेरामाइड नावाचे रेणू तयार होतात. इन्सुलिन पेशीच्या दारापर्यंत येतं, पण ‘ग्लुकोज आत घे’ हा निरोप पुढे जाण्याआधीच हे रेणू तो अडवतात. रक्तातली साखर मग रक्तातच राहते. ऑलिव्ह तेलात मुबलक असलेलं ओलेइक आम्ल हे असंपृक्त मेदाम्ल त्या मानाने निरुपद्रवी थेंबांच्या रूपात साठवलं जातं.

पण तेल म्हणजे नुसती मेदाम्लं नव्हेत, आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते हेच. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या ‘युरोलिव्ह’ प्रयोगात २०० निरोगी पुरुषांनी रोज २५ मिलिलिटर ऑलिव्ह तेल घेतलं. तीन प्रकारच्या तेलांत मेदाम्लं जवळपास सारखीच होती, पॉलिफेनॉल या वनस्पतींतल्या नैसर्गिक द्रव्यांचं प्रमाण तेवढं कमी-जास्त. पॉलिफेनॉल जितकी जास्त, तितकं ‘चांगलं’ कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल वाढलं आणि ‘वाईट’ कोलेस्टेरॉलचं, म्हणजे एलडीएलचं, ऑक्सिडीकरण कमी झालं. तेलाचं अतिशुद्धीकरण करताना आपण काय गमावतो, ते यातून कळतं. ताजं, कच्च्या घाणीचं ऑलिव्ह तेल गिळताना घशाशी जी झणझणीत चुरचुर होते, ती ओलिओकँथल या अशाच एका द्रव्यामुळे.

वनस्पतींमधली बहुतेक पॉलिफेनॉल लहान आतड्यात फारशी शोषली जात नाहीत. ती मोठ्या आतड्यात उतरतात आणि तिथले जिवाणू त्यांचं रूप पालटतात. डाळिंब आणि अक्रोड यांतल्या द्रव्यांपासून जिवाणूच युरोलिथिन नावाची संयुगं बनवतात. मात्र ती बनवणारे जिवाणू सगळ्यांच्या पोटात नसतात. त्यामुळे तेच फळ खाऊन दोघांना सारखाच फायदा होईल असं नाही.

पॉलिफेनॉलच्या तीव्र अर्काच्या गोळ्या हा मात्र वेगळा मामला आहे. हिरव्या चहातलं ईजीसीजी हे पॉलिफेनॉल पूरक गोळ्यांतून रोज ८०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त घेतलं, तर यकृताला इजा झाल्याच्या खुणा रक्तात दिसू शकतात, असं युरोपच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१८ मध्ये सांगितलं. गरम पाण्यात भिजवून प्यायलेला हिरवा चहा त्यांनी सर्वसाधारणपणे सुरक्षितच मानला आहे.