लूपचा नोड आधी की डिव्हाइस आधी: थोडी पार्श्वभूमी

लूप डिव्हाइस म्हणजे साधी फाइल डिस्कसारखी वापरू देणारं लिनक्सचं डिव्हाइस. कंटेनरमध्ये, म्हणजे बाकी सिस्टिमपासून वेगळ्या ठेवलेल्या जागेत, लोसेटअप या कमांडकडे मोकळं लूप डिव्हाइस मागितलं की ती सांगते १२ नंबर मोकळा आहे, आणि पुढच्याच क्षणी एरर, कारण डेव्ह डिरेक्टरीत (/dev) लूप१२ नावाचा नोडच, म्हणजे त्या डिव्हाइसपर्यंत नेणारी खास फाइलच, नाहीये. मग कुणीतरी सल्ला देतं की एमकेनॉड या कमांडने ब्लॉक ७, १२ (७ हा सगळ्या लूपचा मेजर नंबर, १२ हा या एकाचा मायनर) असा नोड हाताने टाक, टाकला की चालतं, आणि विषय तिथेच संपतो. पण लिनक्समध्ये ही वेळ का येते त्यामागे चांगली वीस वर्षांची खेचाखेच आहे.

कर्नल म्हणजे लिनक्सचा गाभा. त्याच्या २.४ आवृत्तीच्या काळात डेव्हमध्ये हजारो नोड आधीच टाकलेले असायचे, हार्डवेअर असो वा नसो. लूपचे ८ मिळायचे, लूप० ते लूप७. जास्त हवे तर लूपचं मॉड्यूल (कर्नलला नंतर जोडायचा भाग) चढवतानाच मॅक्स-लूप हा आकडा द्यायचा, म्हणजे किती लागतील हे आधीच ठरवायचं आणि अंदाज चुकला तर सगळं अनमाउंट करून मॉड्यूल उतरवून परत चढवायचं. मायनर नंबर ८ बिटचा, त्यामुळे २५६ च्या वर जायची सोयच नव्हती. (२.६ मध्ये मायनर २० बिटचा झाला.)

त्याच सुमारास डेव्हएफएस आलं, म्हणजे कर्नल स्वतःच नोड बनवणार आणि नावंही स्वतःच ठरवणार. नावं ठरवणं हे कर्नलचं काम नाही असा मोठा वाद झाला, कोडमध्ये रेस कंडिशनही (दोन कामं एकाच वेळी आदळून होणाऱ्या चुका) होत्या, २००३ मध्ये यूडेव्ह, म्हणजे कर्नलबाहेरून नोड टाकणारा प्रोग्राम, आलं आणि २००६ च्या २.६.१८ मध्ये डेव्हएफएस काढूनच टाकलं. यावर भरपूर लिहिलं गेलंय, त्यामुळे इथे एवढंच.

खरा घोळ २००७ चा, २.६.२२ मधला. तिथे लूपची वरची मर्यादा काढली, जे चांगलंच झालं, पण नवीन डिव्हाइस मागायचं कसं? तर ठरलं असं की ज्याच्यामागे डिव्हाइस नाही असा नोड कुणी उघडला की कर्नल त्या नंबरचं डिव्हाइस तिथल्या तिथे तयार करेल. अशा नोडला डेड नोड म्हणतात. नावावरून वाटतं की बिघडलेला, उरलेला, पुसून टाकायचा नोड, पण तसं नाही, हा मुद्दाम टाकलेला नोड असतो, फक्त अजून कुणी उघडलेला नसतो. हा शब्द लोकांनी इतका उलटसुलट वापरलाय की जुन्या चर्चा वाचताना कोण कशाबद्दल बोलतंय हेच कळत नाही.

आता गंमत बघा. यूडेव्ह नोड कधी टाकणार, तर कर्नलने डिव्हाइस तयार झाल्याचं कळवल्यावर. आणि कर्नल लूप८ कधी तयार करणार, तर त्याचा नोड कुणी उघडल्यावर. दोघंही एकमेकांसाठी थांबलेले! आणि हा निर्णय घेतला तेव्हा यूडेव्ह सगळीकडे पोचलेलं होतं, म्हणजे अंदाज नव्हता असंही म्हणता येत नाही. परिणाम एवढाच की बूट स्क्रिप्टमध्ये एमकेनॉड परत परत चालवून ६४ नोड टाकायची पद्धत परत आली, जी जाण्यासाठी एवढा खटाटोप केला होता.

माझ्या मते यातली सगळ्यात न पटणारी गोष्ट म्हणजे उत्तर शेजारीच होतं. डिव्हाइस मॅपरला (डिस्कवर आभासी डिस्क रचणाऱ्या कर्नलच्या भागाला) २.६ पासूनच वेगळा कंट्रोल नोड होता, त्याला सांगायचं की मला नवीन डिव्हाइस दे. लूपला असा कंट्रोल नोड मिळायला २०११ चं ३.१ उजाडलं. लूप-कंट्रोलमध्ये तीनच गोष्टी: अ‍ॅड करा, काढा, मोकळा नंबर द्या. यातही मोकळा नंबर राखून ठेवला जात नाही, दोन प्रोसेसना एकच नंबर मिळू शकतो, ज्याला डिव्हाइस बिझी असल्याची एरर आली त्याने परत विचारायचं.

मधे २००९ च्या शेवटी, २.६.३२ मध्ये डेव्हटीएमपीएफएस आलं, म्हणजे नोड परत कर्नलच टाकायला लागलं. डेव्हएफएस मागच्या दाराने आलं अशी ओरड तेव्हा झाली आणि ती अगदीच खोटी नव्हती, फक्त या वेळी नावं साधी ठेवली आणि मालकी, परवानग्या, सिमलिंक हे यूडेव्हकडे राहिलं. २०१२ पासून तर यूडेव्हने स्वतः नोड बनवणंच सोडलं. कंटेनरची अडचण इथूनच निघते: डेव्हटीएमपीएफएस अख्ख्या सिस्टिममध्ये एकच, कंटेनरचं डेव्ह मात्र सहसा वेगळं टीएमपीएफएस (मेमरीतली तात्पुरती फाइल सिस्टिम) असतं, त्यामुळे लूप१२ होस्टवर, म्हणजे कंटेनरबाहेर, दिसतो आणि आत दिसत नाही. हाताने टाकायचा तर एमकेनॉडची परवानगी हवी आणि सीग्रुपने (कंटेनरला काय वापरू द्यायचं ते ठरवणाऱ्या कर्नलच्या सोयीने) मेजर ७ वापरू दिलेला हवा.

२०२२ च्या ५.१८ मध्ये नोड उघडून ब्लॉक डिव्हाइस जन्माला घालायची सोय जुनाट ठरवली गेली, कर्नलच्या कॉन्फिगमध्ये त्यासाठी वेगळा पर्याय झाला, डिफॉल्ट अजून चालू आहे कारण नोड टाकून लोसेटअप चालवणाऱ्या जुन्या स्क्रिप्ट मोडतील. आणि लूप-कंट्रोल? मॉड्यूल चढलेलं नसतानाही त्याचा नोड बूटच्या वेळी टाकून ठेवतात आणि कुणी उघडला की मॉड्यूल चढतं. ब्लॉक नव्हे तर कॅरेक्टर प्रकारचं डिव्हाइस आहे म्हणून तो त्या पर्यायाच्या कक्षेत येत नाही, नाहीतर आहे तोही डेड नोडच.