शेवटची चिठ्ठी आणि पंधरा वर्षांची वही

केज तालुक्यातल्या एका घरात मी ती चिठ्ठी पाहिली, आत्महत्या केलेल्या एका शेतकऱ्याने मागे ठेवलेली. शाळेच्या वहीतून फाडलेलं पान, त्यावर निळ्या बॉलपेनने लिहिलेल्या सात ओळी. मूळ कागद पंचनाम्याच्या वेळी पोलिसांनी जमा करून घेतलेला. घरात होती ती त्याची झेरॉक्स, तीही लॅमिनेट केलेली. सातबारा, आधार कार्ड आणि बँकेचं पासबुक ज्या पिशवीत होतं, त्याच पिशवीत. लॅमिनेट कशाला केली, असं विचारल्यावर त्यांचा मुलगा म्हणाला, "दाखवून दाखवून घडीवर फाटायली होती, सर."

तो माझा विद्यार्थी. मी अंबाजोगाईत मानसशास्त्र शिकवतो. कार्यालयांच्या चकरा संपल्यावर त्याने मला घरी बोलावलं होतं, कारण त्याला एकच गोष्ट विचारायची होती. "ह्याच्यात माझं नाव बी नाही. असं का?"

चिठ्ठीत काय होतं ते इथे लिहिणार नाही. या लेखात कुणाचीच शेवटची चिठ्ठी उतरवून देणार नाही, जगप्रसिद्ध माणसांचीसुद्धा नाही. त्याचं कारण पुढे येईल. मात्र त्या मुलाच्या प्रश्नाला विज्ञानाकडे उत्तर आहे, आणि ते मराठवाड्यातल्या घराघरांत पोचावं असं मला मनापासून वाटतं.

१९४९ साली अमेरिकेत एडविन श्नाइडमन नावाचे तरुण मानसशास्त्रज्ञ लॉस एंजेलिसमधल्या एका सरकारी कचेरीत गेले. संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणारी ती कचेरी. दोन विधवांना सांत्वनाची पत्रं लिहायची होती, त्यासाठी त्यांना जुनी कागदपत्रं बघायची होती. दप्तरखान्यात फाइलींमागून फाइली चाळताना त्यांच्या लक्षात आलं की अनेक फाइलींमध्ये मृत व्यक्तीने लिहून ठेवलेली चिठ्ठी आहे. अशा ७२१ चिठ्ठ्या निघाल्या. पुढे नॉर्मन फारबेरो यांच्यासोबत त्यांनी एक साधा पण विलक्षण प्रयोग केला. पुरुषांच्या ३३ खऱ्या चिठ्ठ्या निवडल्या. मग वय, धर्म आणि व्यवसाय जुळतील अशी, पण मनात असा काही विचार नसलेली ३३ माणसं शोधली आणि त्यांना कल्पनेने तशी चिठ्ठी लिहायला सांगितलं. खऱ्या आणि कल्पित चिठ्ठ्या शेजारी ठेवल्या.

आपल्याला वाटेल, खऱ्या चिठ्ठीत जगण्यामरण्याचं तत्त्वज्ञान असेल. निघालं उलटंच. तत्त्वज्ञान कल्पित चिठ्ठ्यांत होतं. जगण्याला अर्थ काय, आपण हा निर्णय का घेतला, याची लांबलचक कारणमीमांसा त्यांनी लिहिली होती. खऱ्या चिठ्ठ्यांत मात्र घरातल्या वस्तू, माणसं, ठिकाणं, कुणाचे किती द्यायचे, काय कुठे ठेवलंय, कुणाला काय सांगायचं अशा रोजच्या सूचना होत्या. १९६६ मध्ये याच चिठ्ठ्या संगणकाकडून तपासल्या गेल्या तेव्हाही हाच फरक दिसला. खऱ्या चिठ्ठ्यांत ठोस गोष्टी आणि प्रेमाचे शब्द जास्त, विचारप्रक्रियेचे शब्द कमी. २०१० मध्ये जॉन पेस्टियन आणि सहकाऱ्यांनी त्याच ६६ चिठ्ठ्या खऱ्या-खोट्या ओळखायला दिल्या. शिकाऊ डॉक्टरांना ४९ टक्के वेळा जमलं, म्हणजे नाणं उडवल्यासारखंच. अनुभवी तज्ज्ञांना ६३ टक्के वेळा, आणि संगणकाला ७८ टक्के वेळा. माणूस फसतो, कारण त्या कागदात काय असायला हवं याची एक कल्पना तो आधीच मनात धरून बसलेला असतो.

श्नाइडमन यांना या चिठ्ठ्यांतून मनाची किल्ली मिळेल अशी मोठी आशा होती. पुढे त्यांनीच प्रांजळपणे लिहिलं की तसं झालं नाही. त्यांचं म्हणणं असं: आपल्या दुःखाचा नीट उलगडा करणारी चिठ्ठी लिहिण्याइतकं मन ज्याचं मोकळं असेल, त्याच्यावर ती वेळच येणार नाही. त्या अवस्थेत मन आकसतं. बोगद्यातून जाणाऱ्याला दूरवरचा एकच ठिपका दिसतो, दोन्ही बाजूंचा मुलूख दिसत नाही. तसंच त्या माणसाचं होतं. बायको, लेकरं, पुढच्या वर्षीचा पाऊस, सगळं तिथेच असतं, पण दिसत नाही.

हे आकसणं प्रयोगात मोजताही आलं आहे. १९८६ मध्ये मार्क विल्यम्स आणि ब्रॉडबेंट यांनी आत्महत्येच्या प्रयत्नातून वाचलेल्या लोकांना एकेक शब्द देऊन त्यावरून एखादी आठवण सांगायला सांगितलं. समजा शब्द आहे 'आनंद'. एरवी आपण म्हणू, "परवा मोठीचा निकाल लागला, सगळ्या आळीला पेढे वाटले." दिवस ठरलेला, चेहरे ठरलेले. या लोकांच्या आठवणी मात्र मोघम होत्या, "लहानपणी खेळायचो तेव्हा" अशा धाटणीच्या. वरवर हा फरक किरकोळ वाटतो, पण अडचणीतून वाट काढताना आपण नेमक्या आठवणीच वापरतो. मागच्या दुष्काळात बैल न विकता कसं निभावलं, कोणी उसने दिले, कुठली टोबणी साधली. ती नेमकी आठवण हाताशी येत नसेल, तर वाट असूनही सापडत नाही. म्हणून मी त्या मुलाला म्हणालो, नाव नाही याचा अर्थ तू त्यांच्या मनात नव्हतास असा होत नाही. त्या क्षणी त्यांना स्वतःचं मनच पुरतं दिसत नव्हतं.

शब्दांच्या मागावर असलेले संशोधक आता शेवटच्या कागदापेक्षा आधीच्या बोलण्यालिहिण्याकडे वळले आहेत, आणि मला तेच योग्य वाटतं. २००१ मध्ये स्टर्मन आणि पेनेबेकर यांनी आत्महत्येने गेलेल्या नऊ कवींच्या कविता तशाच इतर नऊ कवींच्या कवितांशी ताडून पाहिल्या. पहिल्या गटात 'मी', 'माझं' यांची वर्दळ जास्त होती. मृत्यू जवळ येत गेला तसे बोलणं, सांगणं, ऐकणं या अर्थाचे शब्द कमी होत गेले. २०१८ मध्ये अल-मोसाइवी आणि जॉनस्टन यांना नैराश्यात आणि आत्महत्येच्या विचारांत सापडलेल्यांच्या लिहिण्यात टोकाचे शब्द फार आढळले. आपल्या भाषेत सांगायचं तर कधीच, काहीच, कुणीच, सगळंच, कायमचं.

इथे मराठीची एक गंमत नव्हे, अडचण सांगायला हवी. इंग्रजीत 'मी' म्हटल्याशिवाय वाक्य पुढे सरकत नाही. मराठीत 'जातो' म्हटलं की 'मी' त्यात आलाच. त्यात आपल्याकडे माणूस स्वतःबद्दल बोलताना स्वतःला बाजूलाच ठेवतो. "आता काही राम राहिला नाही", "लेकराकडं बघा जरा". या वाक्यांत 'मी' कुठेच नाही, आणि सगळा 'मी'च आहे. इंग्रजीवर घडवलेलं मोजमाप इथे जसंच्या तसं लागू पडणार नाही. आपल्या भाषेचे कान आपल्यालाच तयार करावे लागतील.

आता प्रसिद्ध माणसांकडे येतो. इंग्रज लेखिका व्हर्जिनिया वुल्फ १९४१ मध्ये गेल्या. त्यांनी पतीसाठी ठेवलेल्या पत्रातला एकच शब्द सांगतो, कारण वृत्तपत्रांनी नेमका तोच चुकवला. 'त्या' भयंकर काळातून पुन्हा जाणं जमणार नाही, अशा अर्थाचं त्यांनी लिहिलं होतं. 'त्या' म्हणजे याआधी येऊन गेलेले आजाराचे झटके. छापून आलं 'या' भयंकर काळात. युद्ध चालू होतं, इंग्लंडवर बॉम्ब पडत होते. वाचकांना वाटलं, बाई युद्धाला घाबरली. एका बिशपच्या पत्नीने तर वृत्तपत्रात लिहिलं की इतर लोक याहून मोठी दुःखं सोसत उभे आहेत. पती लेनर्ड यांना ऐन दुःखात खुलासा छापायला लावावा लागला. आजाराने गेलेल्या माणसावर एका सर्वनामामुळे भेकडपणाचा शिक्का बसला. आपल्याकडे 'कर्जबाजारीपणाला कंटाळून' ही दोन शब्दांची ओळ वाचताना मला हे आठवतं. कर्ज खरंच असतं, नापिकी खरी असते, त्यावर बोललंच पाहिजे. पण त्याच्या जोडीला कुठे उपचार न झालेलं नैराश्य असतं, कुठे दारू, कुठे आजारपण, कुठे पोरीच्या लग्नाची चिंता. बातमीत त्यातलं एकच उरतं.

चिठ्ठ्या उतरवून द्यायच्या नाहीत त्याचं कारण हे. १९६२ च्या ऑगस्टमध्ये मेरिलिन मन्रो गेल्या, त्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेतल्या आत्महत्या सुमारे १२ टक्क्यांनी वाढल्या. १९७४ मध्ये डेव्हिड फिलिप्स यांनी अशा वाढीला 'वेर्थर परिणाम' हे नाव दिलं, गटे या जर्मन लेखकाच्या कादंबरीतल्या आत्महत्या करणाऱ्या नायकावरून. जो आधीच काठावर आहे त्याला त्या ठळक बातमीत स्वतःचा चेहरा दिसतो. पण हे अटळ नाही. १९९४ मध्ये गायक कर्ट कोबेन गेले तेव्हा त्यांच्या सिअ‍ॅटल शहरात अशी वाढ झाली नाही, मदतीच्या फोनकडे येणारे कॉल मात्र वाढले. तिथे बातम्यांसोबत मदत कुठे मिळेल हे सांगितलं जात होतं, आणि पत्नीने आपला राग आणि दुःख लोकांपुढे उघडपणे मांडलं होतं. ऑस्ट्रियातल्या व्हिएन्नात १९८७ मध्ये पत्रकारांनी वार्तांकनाचे नियम पाळायला सुरुवात केल्यावर तिथल्या मेट्रोतल्या आत्महत्या झपाट्याने घटल्या. त्याच देशात २०१० मध्ये याच्याही पुढची गोष्ट दिसली. वाईट काळातून तरून गेलेल्या माणसांच्या बातम्या येतात, तेव्हा आत्महत्या कमी होतात. आपल्याकडे प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये अशाच सूचना दिल्या आहेत.

साने गुरुजींनी ११ जून १९५० रोजी आपलं आयुष्य संपवलं. तरी महाराष्ट्राने त्यांना त्या दिवसावरून ओळखलं नाही. पुतणी सुधाला लिहिलेली त्यांची पत्रं आजही लोक वाचतात, आणि माणूस कळायचा असेल तर तीच वाचावीत.

विभागीय आयुक्तालयाच्या आकड्यांनुसार २०२३ मध्ये मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत १०८८ शेतकरी गेले. इतकी माणसं जात असताना एक गोष्ट सगळ्यांना ठाऊक असायला हवी. सॅन फ्रान्सिस्कोत ऐन वेळी अडवल्या गेलेल्या ५१५ लोकांचा रिचर्ड सायडन यांनी १९७८ मध्ये माग काढला. कित्येक वर्षं उलटल्यानंतरही त्यांतले सुमारे ९४ टक्के एकतर जिवंत होते किंवा नैसर्गिक कारणाने वारले होते. तो क्षण ओसरतो. आणि "तुझ्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?" असं सरळ विचारल्याने तो विचार डोक्यात शिरत नाही, हे अनेक अभ्यासांतून दिसलं आहे. उलट विचारल्यावर माणूस मोकळा होतो. राज्य सरकारच्या २०१५ पासूनच्या प्रेरणा प्रकल्पात आशा ताई घरोघरी जाऊन अशीच विचारपूस करतात. टेली मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ या नंबरवर दिवसरात्र, फुकट, मराठीत बोलता येतं. हा नंबर दाराच्या आतल्या बाजूला खडूने लिहून ठेवलेला मी दोन घरांत पाहिला आहे.

त्या दिवशी निघताना मी मुलाला विचारलं, बाबांनी लिहिलेलं आणखी काही आहे का? त्याने माळ्यावरून लाल कापडी बांधणीची एक लांबुडकी वही काढली. पंधरा वर्षांचा हिशेब. मृग कधी लागला, पेरा कधी झाला, दूध किती, डिझेल किती. तो पानं उलटत राहिला. दर दोन-तीन पानांवर त्याचं नाव होतं. ताप, डॉक्टर, १२०. शाळेचे बूट. सहलीचे पैसे. एका ठिकाणी त्याचं बोट थांबलं: चष्मा, ६५०.

"तवा कापूस विकला नव्हता अजून," तो म्हणाला. "पैसे कुठून आणले असतील?"